पैसा येतो कधी?

नागपूरच्या जुन्या भागातून चालत गेले की आठवड्याचे वार एकामागून एक लागतात. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. ज्या वारी जिथे बाजार भरे, तो वार त्या वस्तीला चिकटला. पुढे बाजार रोजचा झाला, नाव तसेच राहिले. इतवारीतली कित्येक ठोक दुकाने आता नेमकी रविवारीच बंद असतात, आणि त्याची गंमत कुणाला वाटत नाही.

बाजाराचा वार हीच उधारीची मुदतही असे. या बाजाराला नेलेल्या तेल-मिठाचे पैसे पुढच्या बाजाराला. ज्याची कमाई आठवड्याची, त्याची उधारीही आठवड्याची. पैसा आणि संस्कृती यांचे नाते सांगताना बहुतेक जण श्रीमंती आणि गरिबी मोजायला बसतात, म्हणजे पैसा किती हे विचारतात. नागपूरकडे पाहिले तर दुसरा प्रश्न अधिक कामाचा वाटतो: पैसा येतो कधी? वर्षातून एकदा, आठवड्याला, महिन्याच्या सात तारखेला, की दर पाच मिनिटांनी? सण कसा साजरा होतो, लग्न कोणत्या महिन्यात लागते, घर कुठे बांधले जाते, मैत्रिणी कधी भेटतात, याचा बराचसा हिशेब या एका प्रश्नाच्या उत्तरात सापडतो.

सुरुवात कापसापासून करावी लागते. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे पैसा वर्षातून एकदा येतो. जूनमध्ये पेरणी, दसऱ्याच्या आसपास वेचणी सुरू, मग विक्री, आणि विक्रीनंतर चुकारा. कापसाचे पैसे हातात पडणे याला इकडे चुकारा म्हणतात आणि गावातले निम्मे बेत या शब्दाला टांगलेले असतात. सालगडी ठरतो तो गुढीपाडव्याला, कारण तोवर मागचा हिशेब मिटलेला असतो आणि पुढच्या वर्षाची उचल देण्याइतका पैसा मालकाकडे असतो. पीककर्जाचा हिशेबही मार्चअखेरला. म्हणजे पंचांगातला पाडवा आणि बँकेचा 31 मार्च हे दोघे शेजारीच राहतात.

लग्नांचे पाहा. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. डांबर मऊ होते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मंगल कार्यालयांत जागा मिळत नाही. मांडवात पाण्याचे मोठाले कूलर घरघरत असतात, नवरदेव शेरवानीत उकडून निघतो आणि पाहुणे मठ्ठ्याच्या पिंपाभोवती गोळा होतात. मुहूर्त तर थंडीतही असतात. पण कार्तिक-मार्गशीर्षात कापूस अजून झाडावर किंवा घरात पडलेला असतो, घरची माणसे वेचणीत अडकलेली असतात आणि चुकारा झालेला नसतो. वैशाखात शेत रिकामे, हात मोकळे, गाठीला पैसा आणि पेरणीला अजून अवकाश. ज्यांच्या तीन पिढ्यांनी शेत पाहिले नाही, अशी शहरातली घरेही मेमध्येच लग्न काढतात. त्यांना शाळेच्या सुट्टीचे कारण पुरेसे वाटते.

आता उलट टोक. श्रावणातली अमावास्या, म्हणजे पोळा. बियाणे, खत, फवारणी, निंदणाची मजुरी, पोरांची वह्या-पुस्तके यांवर पैसा गेलेला. पीक उभे, पण विकायला काही नाही. वर्षातला सर्वांत कडकीचा काळ हाच. त्या दिवशीचा सणही त्या ऐपतीत बसणारा आहे: बैलाला रंग, झूल, बाशिंग, घरच्या पुरणाची पोळी. रोख लागते ती थोडी. गडी बैल घेऊन दारोदार जातो, बायका बैलाला ओवाळतात आणि गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, ठेवतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. ही भोसले काळातली प्रथा मानली जाते. पोरे लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघर जातात आणि त्यांनाही बोजारा मिळतो. नागपूरच्या पुष्कळ मुलांच्या हातात ‘स्वतःचा’ म्हणता येईल असा पहिला पैसा येतो तो असा, कुणाच्या तरी उंबरठ्यावर, लाकडी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरासकट.

त्याच दिवशी इतवारीच्या बाजूने मारबती, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी मारबत 1881 पासूनची आणि पिवळी 1885 पासूनची, असे सांगितले जाते. काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी जोडतात, इंग्रजांना मिळाल्याच्या आरोपावरून. मारबतींबरोबर बडगे नावाचे दुसरे पुतळे असतात, आणि बडग्यांचा विषय दर वर्षी बदलतो. महागाई हा मात्र बारमाही गिऱ्हाईक. कधी गॅस सिलिंडर, कधी पेट्रोल, कधी भ्रष्टाचारी पुढारी. रोगराई आणि संकटे घेऊन जा असा हाकारा मारबतीला घालत गर्दी पुढे सरकते आणि शेवटी सगळे जाळले जाते. अर्थसंकल्पावरची टीका इतक्या नेमाने, इतक्या ढोलताशांत आणि इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे क्वचितच होत असेल. ती वर्षातल्या कडकीच्या आठवड्यात होते हा योगायोग असेलही, पण पाहणाऱ्याला तो फार सोयीचा वाटतो.

या वार्षिक पैशाच्या मुलखात महिन्याचा पैसा आणला तो गिरणीने. जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. सगळे गिरणीवाले मुंबईत गर्दी करत असताना त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस उशाला, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि 1867 पासून रेल्वे दारात. जागा दलदलीची होती. ती भरून काढताना एका स्थानिक सावकाराने भागभांडवलाला पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस मातीत सोने घालतो आहे असे म्हणाला, आणि पुढे नफा पाहून त्याने आपले शब्द फिरवले, अशी कथा टाटांच्या चरित्रांत येते. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या दागिने आणि जमीन गहाण ठेवून घेतली, त्याला शेअर नावाचा कागद पटणे सोपे नव्हतेच. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि ‘एम्प्रेस मिल’ हे नाव पडले.

कामगार मिळाले, पण ते रोज येईनात. सण, लग्न, पेरणी, पाहुणे, काहीही निमित्त पुरे. हे आळसाचे लक्षण आहे असे तेव्हाच्या साहेबांना वाटे. खरे तर ते वर्षाच्या पैशावर वाढलेल्या माणसाचे शहाणपण होते: गरजेपुरते मिळाले की थांबावे. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दंडापेक्षा दुसरा मार्ग धरला. हजेरीला बक्षिसे, निवृत्तिवेतनाचा निधी, भविष्य निर्वाह निधी, अपघात झाल्यास भरपाई. यातल्या काही गोष्टी एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या, कायद्याने त्या सक्तीच्या होण्याच्या कितीतरी आधी. ‘म्हातारपणी मिळेल’ ही कल्पना माणसाला रोज सकाळी भोंग्यावर हजर राहायला शिकवते. ई. पी. थॉम्पसन या इंग्रज इतिहासकाराने 1967 मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात कारखान्याच्या घड्याळाने माणसाची वेळेची जाणीवच कशी बदलली ते दाखवले आहे. इंग्लंडात त्याला कित्येक पिढ्या लागल्या, नागपुरात बरेच लवकर घडले.

मात्र महिन्याच्या पगारात एक खोच होती. कामगार महिनाभर राबणार, आणि मालक पुढच्या महिन्याच्या कुठल्यातरी तारखेला पैसे देणार. मधल्या दिवसांत खायचे काय? उत्तर: किराणावाल्याचे खाते आणि सावकार. 1931 मध्ये रॉयल कमिशन ऑन लेबरने देशभरच्या कामगारांच्या कर्जबाजारीपणावर बोट ठेवले. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने हजारपेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत आणि जास्त असतील तर दहाच्या आत पगार द्यावा असे बंधन घातले. पगार सातच्या आत व्हायला हवा ही आज अगदी नैसर्गिक वाटणारी अपेक्षा तिथून आली. शहरातल्या दुकानदारांनी आपली खाती, घरमालकांनी आपले भाडे आणि पुढे दूधवाल्यांनी आपले कार्ड त्या तारखेला जुळवून घेतले. दिवाळीच्या बोनसचेही तसेच. आज किमान बोनस 8.33 टक्के आहे. हा विचित्र आकडा म्हणजे सरळ एक बारांश, वर्षाचा तेरावा पगार. नोकरदाराच्या वर्षात तोच त्याचा चुकारा, आणि इतवारीतली कापडाची दुकाने त्याच आठवड्यावर डोळा ठेवून असतात.

पगार आला की उरलेला पैसा ठेवायचा कुठे आणि एकदम मोठी रक्कम लागली तर आणायची कुठून, हे दोन प्रश्न उभे राहतात. दोहोंचे मिळून एक उत्तर आहे, भिशी. बारा बायका, दर महिन्याला प्रत्येकी 2,000 रुपये, म्हणजे 24,000 एकीला. स्टीलच्या वाटीत बारा चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी उचलायला घरातले सर्वांत लहान पोर. त्याला अजून वाचता येत नाही, हीच त्याची पात्रता. जिची भिशी लागली तिच्याकडे पुढचा कार्यक्रम, आणि मग सांबारवडी कुणाची खुसखुशीत झाली होती याची चर्चा वर्षभर. बाजारपेठेतली पुरुषांची भिशी वेगळी असते, ती बोलीची. वीस व्यापारी, प्रत्येकी 5,000, एकूण एक लाख. ज्याला निकड आहे तो म्हणतो, मला 85,000 च द्या. उरलेले 15,000 वीस जणांत वाटले जातात, प्रत्येकी 750. निकडीच्या माणसाने 15,000 रुपयांना वेळ विकत घेतली, आणि जो शेवटपर्यंत थांबला त्याने आपली सवड भाड्याने दिली.

क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या अशाच ‘अरिसान’चा अभ्यास करून 1962 मध्ये निबंध लिहिला. शेतीच्या अर्थव्यवस्थेतून रोख पैशाच्या जगात येताना लोकांनी बनवलेली ही मधली पायरी आहे, असे त्याचे म्हणणे. मेक्सिकोत ‘तांदा’, पश्चिम आफ्रिकेत ‘तोंतीन’, नाव कुठलेही असो, आतले यंत्र तेच: हमी म्हणून जमीन नाही, सोने नाही, फक्त ओळख. पैसे घेऊन पळाले तर बाराजणी तोंड दाखवू देणार नाहीत. म्हणूनच भिशीला दर महिन्याची भेट लागते. चहा-फराळ हा नुसता सोहळा नसतो, तीच वसुलीची व्यवस्था असते. कायद्याच्या डोळ्याला मात्र यातले फारसे दिसत नाही. 1982 च्या चिट फंड कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि सूट मिळण्याची 100 रुपयांची मर्यादा जाऊन ती ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. वाटीतली चिठ्ठी उचलणाऱ्या पोराला आपण कायद्याच्या कोणत्या कडेवर उभे आहोत याची कल्पना नसते, आणि त्याच्या आजीलाही नसते.

भिशीचे पैसे सहसा किराण्यात जात नाहीत. त्यातून मंगळसूत्राची वाटी मोडून नवी होते, मिक्सर येतो, मुलीच्या प्रवेशाची फी भरली जाते. नोट एकच, पण घर तिला वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते. व्हिव्हियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1994 मध्ये यावर ‘द सोशल मीनिंग ऑफ मनी’ हे अख्खे पुस्तकच लिहिले. त्यांनी उदाहरणे अमेरिकेची घेतली, पण दीक्षाभूमीवर येऊन उभ्या राहिल्या असत्या तरी चालले असते. डॉ. आंबेडकरांच्या 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर दर वर्षी लाखो लोक तिथे येतात. पुष्कळांचा प्रवास रेल्वेच्या जनरल डब्यातून होतो, जेवण अन्नदानाच्या रांगेत, मुक्काम मोकळ्या जागेत. आणि तरी पुस्तकांच्या स्टॉलवर पिशव्या भरत असतात. पुस्तकांचे पैसे घरून निघतानाच वेगळे बांधलेले असतात. ते जेवणावर खर्च होत नाहीत. खुद्द डॉ. आंबेडकरांचा 1923 साली लंडनला छापलेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथही त्या ढिगाऱ्यात मिळतो. शहरात त्यांचा एक पुतळा आहे तो संविधान चौकात, रिझर्व्ह बँकेच्या इमारतीजवळ. रुपयाच्या प्रश्नावर ज्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, आणि ज्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, ती बँक आणि तो साक्षीदार असे एका चौकात. जुने रिक्षावाले अजून त्याला आरबीआय चौकच म्हणतात.

सरकारी नोकरी, रेल्वे, कोळसा, वीज मंडळ, शाळा यांनी नागपुरात सात तारखेची माणसे वाढवत नेली, आणि या माणसांनी शहराचा नकाशा लांबवला. 1936 च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला. मग लेआउट हा नागपूरचा खास ध्यास झाला. पुण्या-मुंबईचा माणूस फ्लॅट घेतो, नागपूरचा माणूस आधी प्लॉट घेतो. महिन्याला किस्त भरायची, रविवारी स्कूटरवर बायको-पोरांना बसवून शहराबाहेर जायचे आणि चुन्याच्या रेघांनी आखलेल्या पऱ्हाटीच्या वावरात उभे राहून ‘इथे हॉल, इथे देवघर’ असे दाखवायचे. ‘आरएल निघाले का?’ हा प्रश्न नागपूरच्या सोयरिकीत मुलाच्या पगाराखालोखाल विचारला जात असेल. आरएल म्हणजे रिलीज लेटर, प्लॉट नियमित झाल्याचा कागद. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये आला, तोवर हजारो घरे उभी राहून त्यांत बारशीही झाली होती. महिन्याच्या किस्तीत बसणारी जमीन शहराच्या कडेलाच मिळते, म्हणून हुडकेश्वर, वाठोडा अशी गावे एकेक करून शहरात आली. रस्ता, गटार, पाण्याची लाइन मागून.

2002 साली दोन गोष्टी घडल्या. आजारी पडून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली एम्प्रेस मिल बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. आणि नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा बाहेर आला. शेतकऱ्यांच्या या बँकेने दलालांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी सव्वाशे कोटींहून अधिक रुपये दिले. रोखेही आले नाहीत, पैसेही नाहीत. त्या दलालांतली ‘होम ट्रेड’ ही कंपनी तेव्हा टीव्हीवर सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन यांना घेऊन झळाळत्या जाहिराती करत होती. धोतर नेसून कर्जाच्या पासबुकावर शिक्का मारून घेणाऱ्या सभासदाचा आणि त्या जाहिरातीचा संबंध काय, हे त्याला पेपरातून कळले. न्यायालयाचा दोषसिद्धीचा निकाल 2023 च्या डिसेंबरात लागला आणि त्यावर अपील झाले. मधल्या एकवीस वर्षांत बँकेचे पीककर्ज आटले की माणूस कुठे जातो, ते गावात सर्वांना माहीत होते. कृषी केंद्राची उधारी, ओळखीचा सावकार, बायकोचे डोरले.

मुंबई-दिल्लीत बसून पैशाचे नियम आखताना विदर्भाचे हे वेळापत्रक अनेकदा नजरेआड होते. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 च्या हंगामापासून आली. तिच्यात भावाची हमी होती, पण चुकारे रखडत आणि सोसायटीचे कर्ज आधीच कापून घेतले जाई. मग रोखीची निकड असलेला शेतकरी सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात किंवा आंध्रात, रातोरात गाडी नेई. भाव कमी मिळाला तरी पैसे त्याच दिवशी हातात. 2008 च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत होती. बागायती मुलखात दोन हेक्टरवाला सुखवस्तू असू शकतो. यवतमाळ-वर्ध्याच्या कोरडवाहूत चार हेक्टरवालाही पावसाच्या तोंडाकडे पाहतो, आणि तो पूर्ण माफीच्या बाहेर राहिला.

आता पैसा क्षणाक्षणाला येऊ लागला आहे. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दर मिनिटाला यूपीआयचा छोटा डबा ओरडतो, इतके रुपये मिळाले. ठेलेवाल्याचे दोन्ही हात झाऱ्यात आणि शेवेत असतात, तो फक्त कान देतो. पानठेल्यावरची उधारीची वही मात्र संपलेली नाही. ज्याच्या फोनमध्ये पैसे नाहीत, त्याला यूपीआय काय करणार? रोख नोटाही सुटलेल्या नाहीत. 2023 च्या ऑक्टोबरनंतर 2,000 ची मागे घेतलेली नोट बदलायची तर देशात रिझर्व्ह बँकेची मोजकी 19 कार्यालयेच उरली, त्यांत नागपूर एक. डब्यात, गादीत, देव्हाऱ्यामागे विसरलेल्या नोटा घेऊन येणाऱ्यांना तो आरबीआय चौक पुन्हा शोधावा लागला.

लग्नातला आहेर हा या सगळ्यात रोखीचा शेवटचा बालेकिल्ला होता. मांडवाच्या दाराशी टेबल, टेबलावर लांब वही, आणि वहीमागे सुंदर अक्षराचा एखादा काका. पाकिटावर चिकटवलेले एक रुपयाचे नाणे, आत 100, 500 किंवा 1,000. काका नाव, गाव आणि आकडा लिहितो. ती वही पुढे वीस वर्षे जपली जाते, कारण त्यांच्याकडचे कार्य निघाले की आधी तीच उघडायची असते: त्यांनी आपल्याला 251 दिले होते, आता 501 करावे लागतील. व्याज असे कुणी म्हणत नाही, पण भाववाढ धरलेली असते. हल्ली काही मांडवांत त्या टेबलावर क्यूआर कोड ठेवलेला दिसतो. लोक फोनवरूनही 501 च पाठवतात, एक रुपया सुटत नाही. अडचण वेगळीच होते. रात्री वधूचा भाऊ यादी काढतो, तर प्रत्येक नाव बँकेच्या खात्याप्रमाणे, आडनावासकट, पूर्ण आणि इंग्रजी अक्षरांत. बंडूमामा, गोंडखैरीवाले भाऊजी, ताईची नणंद यांतले कोण कोणते, हे कुणालाच लागत नाही; मग आजीला उठवून, तिच्यापुढे एकेक नाव वाचून, जुन्या वहीत पुन्हा हाताने लिहून घेतात.